पप्पांचा ठिपका

डोक्याला तेल लावून येऊ नका, एवढंच सांगितलं होतं. तरी पहिल्या गुरुवारी आलेले दोघंही चपचपीत तेल लावून, मधोमध भांग पाडून हजर. एवढ्या मोठ्या कॉलेजात जायचं म्हटल्यावर माणसानं नीटनेटकं नको का जायला, असं त्यांचं म्हणणं. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत आणि मेंदूच्या लहरी सोडून भलतंच काहीतरी मशीनवर उमटतं, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी लॅबच्या बेसिनमध्ये शाम्पूच्या पुड्या फोडून दोघांची डोकी धुवायला लावली. बापाच्या वयाची माणसं मुकाट वाकून उभी, आणि खरा बाप शेजारी टॉवेल धरून मित्रांना हसत होता. पप्पाच आपल्या कारखान्यातल्या त्या दोघांना माझ्या प्रयोगासाठी भोसरीहून दोन बस बदलून घेऊन आले होते.

मी तेव्हा कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये एम.एस्सी. करत होते, दुसरं वर्ष. माणूस लक्ष कसं देतो, लक्षात कसं ठेवतो, हात उचलायचा की नाही हे मेंदू कसं ठरवतो, असला सगळा अभ्यास. आमच्या गल्लीत हे मी कधीच कुणाला समजावू शकले नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, "मेंदूची डॉक्टर ना तू? मग माझं डोकं ठणकतंय, गोळी सांग." मी म्हणायचे, काकू, मी तसली डॉक्टर नाही. त्या म्हणायच्या, "मग काय उपेग गं बाई?" मला तेव्हा असला राग यायचा! आता वाटतं, प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वर्गात मी फारशी बोलायची नाही. एकदाच बोलले आणि तेच अंगाशी आलं. प्रत्येकाचा प्रयोग विद्यार्थ्यांवरच असायचा. मी तुझ्या प्रयोगाला बसते, तू माझ्या. एका सेमिनारमध्ये माझं डोकं सटकलं. म्हटलं, आठ आठ तास मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला मेंदू नसतो का? सगळी मेंदूची विद्या काय कँटीनमध्ये कॉफी पिणाऱ्यांवरच रचायची? आमच्या गाईड मॅडम खूश झाल्या. "मग तू कर," म्हणाल्या. झालं, स्वतःच्या हातानं धोंडा उचलून पायावर पाडून घेतला.

पप्पा भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होते. लातूरकडून आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून प्रेसवरच. पत्रा डायखाली, म्हणजे कापणाऱ्या साच्याखाली, सरकवायचा, प्रेस दाबून गाडीचा एक छोटा पार्ट कापायचा, पार्ट बाजूला, पुढचा पत्रा. दिवसभर तेच. ते पार्ट चाकणच्या मोठ्या गाडीकंपनीला जायचे. रस्त्यानं एखादी नवी गाडी गेली की पप्पा म्हणायचे, "हिच्या पोटात माझा एक तुकडा हाय." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आई कानावर हात ठेवायची.

प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर आहेत म्हणजे डायखाली एकही नाही, असा तो हिशोब. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी प्रयोग रचला तो असा: पडद्यावर गोल दिसला की डावं बटण, चौकोन दिसला की उजवं. पहिले दोघे बसले आणि गोल येवो की चौकोन, धप्पकन दोन्ही बटणं एकदम दाबू लागले. दहा वेळा सांगितलं. मान डोलवायचे आणि पुन्हा दोन्ही. मॅडम हसल्या, मीही हसले. मग आम्ही प्रयोग बदलला. एकच बटण, उजव्या हाताचं बोट. हिरवा चौकोन आला की लगेच दाबायचं, लाल आला की थांबायचं. डावा हात मांडीवर, त्याचं काही काम नाही.

परवानगीसाठी मी कंपनीच्या सुपरवायझर साहेबांना पत्र दिलं होतं. त्यांनी न वाचताच सही ठोकली. "आमच्या लोकांना मेंदू आहे का तेवढं बघून सांगा मॅडम," म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. प्रत्येक गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, पप्पा दोघं-तिघं घेऊन यायचे. कुणी कंटाळा केला तर त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. "पोरीचा अभ्यास हाय राव, चल." माझ्या डिग्रीसाठी त्या माणसानं स्वतःची महिनाभराची सुट्टी घातली.

शेवटच्या गुरुवारी एकजण आलाच नाही. गावाकडं कुणीतरी वारलं होतं. माझा एक माणूस कमी पडला. पप्पा म्हणाले, "मग मी बसतो की. मला काय डोकं न्हाई?" घरचा माणूस घ्यावा की नाही म्हणून मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, फक्त तशी नोंद ठेव.

पप्पांनी तेल लावलं नव्हतं. मी सांगितलेलं सगळं ते पाळायचे. मी त्यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवली, एकेका भोकात जेल भरलं. केस किती विरळ झालेत हे मला त्या दिवशी कळलं. मग मी काचेच्या पलीकडे जाऊन बसले आणि चाचणी सुरू केली.

हिरवा चौकोन आला. पप्पांनी मान खाली घातली, मांडीकडे बघितलं आणि मग बटण दाबलं. पुन्हा हिरवा. पुन्हा मान खाली, मांडीकडे नजर, मग बटण. मी माईकवरून म्हटलं, "पप्पा, स्क्रीनकडं बघा ना." ते म्हणाले, "बगतोय की." आणि पुन्हा तेच. मी वैतागले. वहीत लिहिलं: लक्ष विचलित, नजर वारंवार पडद्यावरून ढळते. ते वाक्य अजून त्या वहीत आहे. लाल चौकोनावर मात्र त्यांचं बोट एकदाही पडलं नाही. बाकी प्रत्येकाच्या दोन-चार तरी चुका होत्याच. हे मी तेव्हा बघितलंही आणि सोडूनही दिलं, कारण मला वेग हवा होता.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. चाचणीआधी मी प्रत्येकाला संमतिपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे, शुद्ध मराठीत, चांगल्या ठसक्यात. तुमची माहिती गुप्त राहील, कंपनीतल्या कुणालाही ती कळवली जाणार नाही. आणि चाचणीनंतर, बिचारे सुट्टी मोडून आलेत, रिकाम्या हातानं कसे पाठवायचे म्हणून प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायचे. वर 'धन्यवाद', खाली त्याचा सरासरी वेळ, मिलिसेकंदात. मला ते फार छान वाटलं होतं. हळदीकुंकवाला वाण द्यावं तसं.

ज्या घरात मी वाढले तिथं आकड्याचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं का? पप्पांच्या शॉपमध्ये पाण्याच्या कूलरशेजारी पांढरा बोर्ड आहे. रोज शिफ्ट संपली की प्रत्येकाचं प्रॉडक्शन त्यावर लिहायचं. कुणाचे किती पार्ट, कोण पुढं, कोण मागं. त्या बोर्डावर चिडवाचिडवी चालते, पैजा लागतात, भांडणंही होतात. लहानपणी पप्पा घरी आले की आई चहाआधी विचारायची, "आज बोर्डावर कितवे?" असल्या माणसांच्या हातात मी आकडा दिला. त्यांनी तो बोर्डावर लिहिला. दुसरं काय करणार होते?

शेवटच्या गुरुवारनंतर पप्पा कामावरून हसत हसत घरी आले. सगळ्यांचे आकडे ओळीनं लावले होते म्हणे. पहिला आला तो तिशीतला एक गडी, सगळे त्याला चहा मागत होते. "आन् मी शेवटचा," पप्पा म्हणाले. "सहाशे बारा. तुझ्या पेपरात नापास झालो बग." आई म्हणाली, "म्हातारे झालात, दुसरं काय." मीही हसले. पोट धरून हसले, हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

पुढं महिनाभर मी डेटा साफ करत बसले होते. एके दिवशी आई कपडे धुता धुता थांबली. पप्पांचा शर्ट हातात उलटसुलट करून बघायला लागली. म्हणाली, "आठवडा झाला, ह्यांच्या शर्टाला ऑइलचा डाग नाही." वीस-पंचवीस वर्षं ती त्या डागांशी भांडत आली होती, घासून घासून तिच्या बोटांना भेगा पडलेल्या. डाग नाही म्हणून तिला धास्ती वाटली. संध्याकाळी पप्पा आल्यावर तिनं विचारलं. ते बूट काढत म्हणाले, "पॅकिंगला टाकलंय मला." आई म्हणाली, का? "चाकणच्या कंपनीचं ऑडिट हाय. सेफ्टीचं बगायलेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते काय न्हाई, बसून काम हाय. बरंच हाय की."

मला कळलं. तिथंच कळलं. बोर्डावरचा सहाशे बारा.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. आत जाताना पप्पा दिसले. कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी, कंत्राटावरच्या बायकांच्या रांगेत, खोक्यांमध्ये पार्ट मोजून भरत होते. मान वर केली नाही त्यांनी. त्यांच्या प्रेसवर तो पहिला आलेला गडी उभा होता.

साहेब वाईट माणूस नव्हता, खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, माझ्या वडिलांना का काढलं प्रेसवरून? त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. बोर्डाचा फोटो, तळाशी सहाशे बारा. "मॅडम, तुमचीच तर टेस्ट आहे. ऑडिटवाल्यांना दाखवायला आमच्याकडे काहीतरी पाहिजे. वय झालेला माणूस, हात स्लो. उद्या बोट गेलं तर तुम्हीच आम्हाला विचाराल." मी म्हटलं, ही चाचणी त्यासाठी नाहीच. कुणाला कामावर ठेवायचं नि कुणाला नाही हे तिच्यातून सांगता येत नाही. त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मग कशासाठी असते?" मी गटांची सरासरी, लक्षाची प्रक्रिया, असलं काहीबाही बोलत राहिले. तो ऐकत होता, पण हात मोबाईलवरच होता. शेवटी म्हणाला, "आकडा चुकीचा आहे का?" चुकीचा नव्हता. मीच काढला होता.

संमतिपत्रातला शब्द मोडला गेला हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

पप्पांशी बोलायला मला चार दिवस लागले. गुरुवार होता, ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, "पप्पा, टेस्टच्या वेळी तुम्ही सारखं खाली का बघत होता?"

"डावा हात कुटं हाय ते बगत होतो," ते म्हणाले, जसं काही मी विचारलं की जेवायला हातच का वापरता.

"तो मांडीवर होता ना. मीच ठेवायला सांगितला होता."

"ठेवला व्हता. पण हाय का तिथं, ते बगाय नको?"

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी पायानं दाबायची प्रेस असायची. दोन्ही हात मोकळे, पाय दाबला की प्रेस खाली. शेजारच्या मशीनवर त्यांचा जोडीदार होता, एकाच खोलीत राहायचे दोघं. त्याचा उजवा हात पत्रा सरकवत होता आणि डावा हात आपण कुठं ठेवलाय हे तो विसरला. तीन बोटं. पप्पांनीच ती फडक्यात गोळा करून हॉस्पिटलात नेली होती. तेव्हापासून, ते म्हणाले, प्रत्येक ठोक्याआधी दोन्ही हात बघायचे, मगच दाबायचं. नंतर दोन बटणांची मशीनं आली तरी सवय गेली नाही. "एवढ्या वर्षांत एक ओरखडा न्हाई," असं म्हणून त्यांनी दहाही बोटं माझ्यापुढं पसरली.

मी म्हटलं, "आणि बाकीचे? ते नाही बघत?"

त्यांनी आवाज खाली आणला. चहाडी वाटेल म्हणून असेल. "बरेचजण एका बटणात लाकडाची पाचर मारत्यात. दाबूनच ठेवायचं. मग एका हातानं काम, प्रॉडक्शन वाढतंय. तुझा पयला आलेला गडी तर रोज मारतो."

म्हणजे मी एका हाताचा वेग मोजला होता. आणि तो वेग ज्यांच्याकडं होता, त्यांनी तो कुठं कमावला होता हे मला आता कळत होतं. माझ्या डोळ्यांसमोर बसलेला एकमेव सावध माणूस मी 'लक्ष विचलित' म्हणून नोंदवला. मला ओरडावंसं वाटलं. पप्पा म्हणाले, "साहेबाला सांगू नको पाचरीचं. त्याला ठाव हाय."

मी धावत मॅडमकडे गेले. म्हटलं, हे सगळं लिहायचं मला. तोच खरा शोध आहे. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "हे खरं असेल. पण एका माणसावरून सिद्ध होत नाही. आणि त्यांचा वेळ आपण आधी ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर पडतोय. आउटलायर आहे. काढावाच लागेल." नियम आम्ही पहिला माणूस यायच्या आधीच लिहून ठेवला होता, माझ्याच अक्षरात. मॅडम चुकीचं बोलल्या नाहीत, तीच तर पंचाईत. आज माझ्याकडं विद्यार्थी आले तर मीही त्यांना हेच सांगेन.

मी डेटातली पप्पांची ओळ पुसली. प्रबंधात एक वाक्य घातलं: एका सहभागीची माहिती विश्लेषणातून वगळण्यात आली. ज्या आकड्यानं पप्पांची प्रेस गेली, तो आकडा माझ्या अभ्यासात कुठंच नव्हता.

प्रबंध बांधून आला तो काळ्या कव्हरचा, सोनेरी अक्षरांचा. आईनं देवापुढं ठेवला, कुंकू लावलं. पप्पांनी हात धुतले, शर्टाला पुसले आणि मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण एकेक पान उलटत गेले. मधल्या एका पानावर आलेख होता, प्रत्येक माणसाचा एक ठिपका. तिथं थांबले.

"ही आमची मंडळी का?"

"हो."

"ह्यातला माझा कुटला?"

काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण त्यांचा चेहरा इतका उत्सुक होता. बोर्डावर आपलं नाव शोधताना असेल तसा. मी बोट पुढं केलं आणि मधलाच एक ठिपका दाखवला. कुणाचा होता देव जाणे.

पप्पा वाकून बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मधोमध हाय की. शेवटचा न्हाई." आईला हाक मारली, "अगं, बग, मी मधोमध हाय." आईनंही वाकून बघितलं. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी मोकळं हसलं. मी उठून आत गेले, भांडी लावत बसले.

सकाळी फर्स्ट शिफ्टची वेळ. मी उठले तेव्हा पप्पा तयार होते. डब्याच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि त्यांच्यामध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला माझा प्रबंध.

"हे एक दिवस नेतो," ते म्हणाले. "साहेबाला दावतो. कॉलेजचं पुस्तक हाय म्हटल्यावर मानंल तो. ऑडिट झालंय आता, परत घेतील प्रेसवर."

साहेबाला इंग्रजी येत होतं. वगळण्यात आली, हे वाक्य त्याला वाचता आलं असतं. मी पिशवीवर हात ठेवला.

"पप्पा, तो ठिपका तुमचा नाही."

"मग माझा कुटला?"

"नाही त्यात."

"न्हाई म्हंजे?"

"काढावा लागला. बाकीच्यांपेक्षा फार लांब पडत होता. नियम आहे तसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी प्रबंध पिशवीतून काढला, प्लॅस्टिकसकट, आणि टीव्हीवर ठेवला. डबा आणि बाटली सरळ केली.

"म्हंजे तू पन काढलंस," ते म्हणाले, आणि पायांत बूट चढवून पॅकिंगला निघून गेले.